रक्त चढवल्याने डीएनए बदलत नाही. पण नमुना कधी आणि कुठून घेतला, ते लिहा

महोदय,

रुग्णाला रक्त चढवले की त्याचा डीएनए बदलतो का, असे रक्तपेढीच्या खिडकीपाशी नातेवाईक विचारतात आणि खटल्यात उलटतपासणी घेणारे वकीलही विचारतात. मिळणारे उत्तर बहुधा अर्धवट असते. कोणी म्हणते, 'छे, काही होत नाही.' कोणी म्हणते, 'तीन महिने डीएनए टेस्ट करताच येत नाही.' पहिल्या उत्तरामुळे नमुना घेताना काळजी घेतली जात नाही, दुसऱ्यामुळे गरजेची तपासणी विनाकारण रखडते. गुन्ह्याचा तपास असो, पितृत्वाचा दावा असो की थॅलेसेमियाच्या मुलाची जनुकीय तपासणी, या अर्धवट माहितीची किंमत सामान्य माणूस मोजतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

रक्ताला लाल रंग देणाऱ्या तांबड्या पेशींमध्ये केंद्रक, म्हणजे पेशीतला डीएनए ज्यात असतो तो भाग, नसते. अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याआधीच ते टाकून दिलेले असते. प्लेटलेटमध्येही केंद्रक नसते. तिच्यात मायटोकाँड्रियाचा थोडा डीएनए असतो, पण माणूस ओळखण्याच्या नेहमीच्या तपासणीत तो मोजला जात नाही. म्हणजे रक्ताच्या नमुन्यातून प्रयोगशाळा जो डीएनए काढते, तो जवळजवळ सगळा पांढऱ्या पेशींचा. रक्त घेतलेल्या माणसाच्या नमुन्यात दात्याचा डीएनए किती सापडेल, हे पिशवीतून किती पांढऱ्या पेशी गेल्या, त्यातल्या किती टिकल्या आणि रुग्णाच्या स्वतःच्या किती आहेत, यावर ठरते. दात्याच्या पेशी रुग्णाच्या पेशींमधला डीएनए बदलत नाहीत. त्या काही काळ सोबत फिरतात, इतकेच.

आता आकडे पाहू. प्रौढ माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ७,००० पांढऱ्या पेशी धरल्या, तर पाच लिटर रक्तात त्या साडेतीन हजार कोटी होतात. ३५० मिलिलिटरच्या संपूर्ण रक्ताच्या पिशवीत त्याच हिशेबाने सुमारे २४५ कोटी. म्हणजे अगदी ताजे रक्त, काहीही न गाळता दिले आणि सगळ्या पेशी जिवंत राहिल्या असे मानले, तरी दात्याचा वाटा शेकडा सातच्या आसपास जातो. प्रत्यक्षात हल्ली संपूर्ण रक्त क्वचितच देतात. पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा, बफी कोट (पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटचा थर) आणि तांबड्या पेशी (पॅक सेल) वेगळ्या करतात. बफी कोट काढला की पांढऱ्या पेशींचा मोठा हिस्सा तिथेच जातो आणि पॅक सेलच्या पिशवीतून येणारा वाटा शेकडा एक-दोनवर उतरतो. पांढऱ्या पेशी गाळणारा ल्युकोडिप्लिशन फिल्टर लावला असेल, तर एका पिशवीत ५० लाखांपेक्षा कमी पांढऱ्या पेशी उरायला हव्यात. युरोपात ही मर्यादा १० लाख आहे. पन्नास लाख धरले तरी रुग्णाच्या सात हजार पेशींमागे दात्याची एक. फ्रोझन प्लाझ्मात पेशी नावापुरत्याच असतात, आणि एकाच दात्याकडून मशिनवर काढलेले प्लेटलेट बहुधा काढतानाच गाळलेले असतात.

शिवाय पिशवी २ ते ६ अंश सेल्सियसला ठेवलेली असते. सॅगएम हे द्रावण घातलेल्या पॅक सेल ४२ दिवस वापरता येतात, पण ती मुदत तांबड्या पेशींची. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल थंडीत दिवसाभरात निकामी होऊ लागतात, लिम्फोसाइट जास्त दिवस तग धरतात. रुग्णाच्या शरीरात गेल्यावर प्लीहा, यकृत आणि प्रतिकारशक्ती यांची सफाई सुरू होते. १९९० च्या दशकात अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त चढवलेल्या स्त्रियांमध्ये पुरुष दात्याचे वाय गुणसूत्र शोधून हे मोजले गेले. पहिल्या एक-दोन दिवसांत दात्याच्या जवळजवळ सगळ्या पेशी रक्तातून गेल्या, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्या थोड्या वाढल्या, आणि साधारण दोन आठवड्यांत दिसेनाशा झाल्या. मधली ती वाढ ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 'कालच रक्त दिलेय, चार दिवस थांबून नमुना घेऊ' असा विचार करणारा नेमका त्या वाढीच्या दिवशी नमुना घेतो.

प्रयोगशाळेत काय दिसते ते पाहू. ओळखीच्या तपासणीत डीएनएवरच्या पंधरा ते चोवीस ठिकाणी लहान तुकड्यांच्या पुनरावृत्ती मोजतात. याला एसटीआर प्रोफाइल म्हणतात. दर ठिकाणी माणसाचे जास्तीत जास्त दोन अ‍ॅलील, म्हणजे आई-वडिलांकडून आलेली त्या तुकड्याची रूपे, म्हणून आलेखावर एक किंवा दोन शिखरे. एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो आणि किटला १ नॅनोग्रॅमच्या आसपास लागतो. म्हणजे दीडशे पेशी पुरतात. त्या दीडशेत दात्याच्या दोन-तीन असल्या, तर त्यांचे शिखर आलेखाच्या तळाच्या खडबडीत हरवून जाते. त्यात स्टटरची भर. खऱ्या शिखराच्या अलीकडे एक पुनरावृत्ती कमी असलेले छोटे शिखर यंत्रणेमुळेच उमटते आणि त्याची उंची मूळ शिखराच्या ५ ते १५ टक्के असू शकते. दात्याचा शेकडा दोन वाटा त्याच्याही खाली राहतो. मिश्रण म्हणून दुसरा माणूस खात्रीने ओळखायला त्याचा वाटा साधारण शेकडा पाच ते दहा तरी लागतो. अपघातात दहा पिशव्या दिल्या तर परके शिखर दसपट उंच होईल, असेही नाही. दहा पिशव्यांचे दहा दाते, प्रत्येकाचे अ‍ॅलील निराळे, त्यामुळे प्रत्येकाचे शिखर बारीकच राहते.

यातून निघणारी एक गोष्ट आम्हाला ठळकपणे सांगायची आहे. रक्त चढवल्यामुळे झालाच तर नमुन्यात किरकोळ मिश्रण दिसेल: रुग्णाची पूर्ण प्रोफाइल आणि तिच्या पायाशी परकी, बुटकी शिखरे. रुग्णाची प्रोफाइल पूर्ण नाहीशी होऊन तिच्या जागी दुसऱ्याच माणसाची स्वच्छ, एकसंध प्रोफाइल येणे हे साध्या रक्तसंक्रमणाने घडत नाही. तसे दिसले तर आधी नळीवरचे लेबल, नमुना घेणाऱ्याची नोंद आणि सील तपासावे. पितृत्वाच्या दाव्यात 'प्रतिवादीला तेव्हा रक्त दिले होते, म्हणून अहवाल चुकला' असा बचाव येतो तेव्हा तज्ज्ञाने आलेख न्यायालयासमोर ठेवावा. तीन-तीन शिखरे दिसत नसतील, तर त्या बचावाला आधार नाही.

खरी गडबड बहुतेक वेळा हातावर होते. उजव्या हाताच्या शिरेतून रक्ताची पिशवी चालू असते आणि नमुना त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने घेतला जातो. मग नळीत थेट पिशवीतले रक्त येते आणि वरचे सगळे गणित कोलमडते. नमुना नेहमी दुसऱ्या हातातून घ्यावा, मोठ्या शिरेत बसवलेल्या सेंट्रल लाइनमधून घेऊ नये. डीएनएसाठी जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी वापरावी, दोन ते तीन मिलिलिटर रक्त पुरते, आणि नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करावी, जोरजोरात हलवू नये. हिरव्या टोपीच्या हेपॅरिन नळीतले रक्त पाठवू नये. हेपॅरिन डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरच्या क्रियेत अडथळा आणते.

शंका असेल तिथे रक्ताचा हट्ट सोडून गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब घ्यावा. खाल्ल्यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, साध्या पाण्याने चूळ भरायला सांगावी, दोन्ही गालांवर निर्जंतुक स्वॅब दाबून फिरवावा, सावलीत पूर्ण वाळवावा आणि कागदी पाकिटात सील करावा. ओला स्वॅब प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला तर बुरशी आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. तालुक्याच्या ठिकाणाहून पावसाळ्यात आलेल्या नमुन्यांत हे फार घडते. केवळ रक्त चढवलेल्या माणसात गालाच्या पेशी त्याच्या स्वतःच्याच राहतात. दुसऱ्या ऊतीचा नमुना किती मोलाचा, हे कॅनडातल्या एका डॉक्टरच्या खटल्यात दिसले. त्याने दंडात दुसऱ्याच्या रक्ताने भरलेली रबरी नळी बसवून रक्ताच्या चाचण्यांना चकवले होते. पुढे केस आणि गालाचा नमुना घेतल्यावर तो सापडला आणि १९९९ मध्ये दोषी ठरला.

सावधगिरी खरोखर लागते ती रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा. केमोथेरपीनंतर पेशी मायक्रोलिटरला २०० वर आल्या, तर सगळ्या शरीरातील रक्तात मिळून त्या १०० कोटीच राहतात. न गाळलेल्या एका ताज्या पिशवीत याहून जास्त पेशी असतात. अस्थिमज्जा पेशी बनवेनाशी होते त्या अप्लास्टिक अ‍ॅनिमियातही हेच. अशा रुग्णाची जनुकीय तपासणी करायची तर पहिली पिशवी लावण्याआधीच नमुना काढून ठेवावा. कावीळ झालेल्या नवजात बाळाचे रक्त पूर्ण बदलतात तेव्हा किलोमागे सुमारे १७० मिलिलिटर, म्हणजे बाळाच्या रक्ताच्या दुप्पट रक्त फिरवले जाते आणि बाळाच्या तांबड्या पेशींपैकी जवळपास ८५ टक्के बदलतात. त्यानंतर बाळाच्या रक्तावर विसंबू नये. अदलाबदलीचा संशय असेल तर गालाचा स्वॅबच घ्यावा. गंभीर अपघातात भरपूर रक्त दिलेल्या काही रुग्णांत एखाद्या दात्याच्या पेशी वर्ष-दीड वर्षानंतरही सापडल्या आहेत. त्या अतिसंवेदनशील तपासणीत दिसतात, एसटीआर प्रोफाइल बिघडवण्याइतक्या सहसा नसतात. स्त्रीच्या रक्तात वाय गुणसूत्राचा अंश सापडला तर तो लगेच रक्तदात्याचा मानू नये. मुलगा पोटात वाढलेल्या स्त्रीच्या रक्तात प्रसूतीनंतर २७ वर्षांनीही पुरुषी पेशी आढळल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

आता लोक ज्याला 'तीन महिने थांबा' म्हणतात, त्याकडे येऊ. तो नियम हवेतून आलेला नाही, फक्त चुकीच्या तपासणीला चिकटला आहे. दात्याच्या तांबड्या पेशी १२० दिवसांपर्यंत जगतात. त्यामुळे तांबड्या पेशींवर होणाऱ्या तपासण्या तीन-चार महिने खरोखर बिघडतात. थॅलेसेमियाचा वाहक शोधायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर हिमोग्लोबिन ए-टू पाहतात आणि ३.५ टक्क्यांच्या वर गेले की संशय घेतात. चढवलेल्या रक्तातले हिमोग्लोबिन त्यात मिसळले की आकडा रुग्णाचा राहत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल तपासताना असेच होते. रक्त दिलेल्या सिकलसेलच्या मुलाची सोल्युबिलिटी टेस्ट चुकून निगेटिव्ह येऊ शकते. उलट दाता स्वतः वाहक असेल, तर निरोगी मुलात थोडे हिमोग्लोबिन एस दिसते आणि घरात नाहक काळजी शिरते. जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची चाचणी, नवजाताची गॅलॅक्टोसेमियाची चाचणी, तांबड्या पेशींवरचे उपगट, सगळ्यांना हाच धोका. म्हणून नवजाताच्या टाचेतून घ्यायचा थेंब रक्त देण्याआधी घ्यावा, मग बाळ काही तासांचेच का असेना.

आणि इथेच डीएनए तपासणी उपयोगी पडते. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलाच्या शरीरात स्वतःच्या तांबड्या पेशी शोधणे अवघड असते. त्याचे केल, डफी, किड किंवा आरएचचे उपगट ठरवायला डीएनएवरूनच जावे लागते, कारण पांढऱ्या पेशी त्याच्याच असतात. त्याच्यातला थॅलेसेमियाचा दोष शोधतानाही तसेच. आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा आयव्हीएस १-५ हा दोष पोस्टाने पाठवलेल्या ईडीटीए नळीतून सापडतो. एक मेख मात्र आहे. पट्टी पाहून निकाल देणाऱ्या संवेदनशील पीसीआरमध्ये दात्याच्या उरलेल्या पेशींमुळे निरोगी जनुकाची फिकट पट्टी उमटू शकते आणि दोन्ही बाजूंनी दोष असलेले मूल एकाच बाजूने दोष असलेले वाटू शकते. म्हणून नमुना पुढची पिशवी लावण्याच्या अगदी आधी घ्यावा, तेव्हा मागच्या दात्याच्या पेशी सर्वांत कमी असतात, आणि आई-वडिलांची तपासणी सोबत करावी. ज्याला तीन महिने थांबायला सांगितले जाते, त्या मुलाला दर महिन्याला रक्त लागते. त्याचे तीन महिने कधीच पुरे होणार नाहीत, हे सांगणाऱ्याच्या लक्षात कसे येत नाही?

गरोदर स्त्रीच्या रक्तातून गर्भाच्या गुणसूत्रांची चाचणी केली जाते, ती मात्र वेगळी. तिथे प्लाझ्मातले सुटे डीएनए तुकडे मोजतात आणि पिशवीत मेलेल्या पांढऱ्या पेशींचे तुकडेही त्यात येतात. नुकतेच रक्त चढवले असेल तर अनेक प्रयोगशाळा चार आठवडे थांबायला सांगतात, आणि ते योग्य आहे.

आता दात्याचा डीएनए रुग्णाच्या रक्ताचा खरोखर ताबा घेतो त्या दोन परिस्थिती. पहिली दुर्मीळ आणि भयंकर. आपल्याकडे अजून कित्येक घरांत 'बाहेरचे रक्त नको, सख्ख्या भावाचेच द्या' असा आग्रह असतो. त्यामागे माया असते, पण जवळच्या नातलगाचे रक्त सर्वांत सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. नातलगांचे एचएलए प्रकार (पेशी आपली की परकी हे ओळखण्याच्या खुणा) जुळण्याची शक्यता जास्त असते. दात्याचे दोन्ही हॅप्लोटाइप, म्हणजे आई आणि वडिलांकडून आलेले या खुणांचे संच, सारखे असतील आणि रुग्णाचा त्यांपैकी एक तोच असेल, तर रुग्णाच्या प्रतिकारशक्तीला दात्याच्या लिम्फोसाइट परक्या वाटत नाहीत. दात्याच्या पेशींना मात्र रुग्ण परका वाटतो. त्या वाढतात आणि त्वचा, यकृत, आतडी आणि शेवटी अस्थिमज्जेवर हल्ला करतात. मामेभाऊ-आतेबहिणीच्या लग्नांची पद्धत असलेल्या समाजात सारखे हॅप्लोटाइप असलेले लोक जास्त सापडतात, म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे. रक्त दिल्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी ताप, अंगावर लाल पुरळ, जुलाब, कावीळ, आणि मग सगळ्या पेशींची संख्या कोसळणे, असा क्रम असतो. नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण दगावतात. निदानाचा भक्कम पुरावा डीएनएचाच: रुग्णाच्या रक्तात दात्याची प्रोफाइल आणि गालाच्या किंवा नखांच्या पेशींत त्याची स्वतःची.

यावर फिल्टर पुरेसा नाही, हे ठासून सांगतो. उपाय एकच प्रचलित आहे: पिशवीवर २५ ग्रे इतका किरणोत्सर्ग देणे, ज्याने लिम्फोसाइटची विभागणी थांबते. त्यानंतर तांबड्या पेशींची पिशवी २८ दिवसांत वापरावी लागते, कारण पोटॅशियम झिरपू लागते. इरॅडिएटर प्रत्येक जिल्ह्यात नाही. म्हणून नातलगाला रक्त द्यायचेच असेल तर त्याने पेढीत दान करावे, ते दुसऱ्या रुग्णाला जाऊ द्यावे आणि आपल्या रुग्णाला पेढीतली अनोळखी दात्याची, क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्ताशी ताडून पाहण्याची चाचणी) जुळलेली पिशवी घ्यावी. नातलगाचेच रक्त देण्याशिवाय इलाज नसेल, तर ते किरणोत्सारित आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा. रक्त जितके ताजे, तितका हा धोका जास्त. 'आत्ताच काढलेले गरमागरम रक्त उत्तम' हा समजही इथे घातक ठरतो.

दुसरी परिस्थिती अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची. ते यशस्वी झाले की पुढे रक्तात दात्याचाच डीएनए फिरतो आणि तो तसा राहणे हेच अपेक्षित असते; डॉक्टर दर काही आठवड्यांनी तेच तपासतात. अलास्कात २००४ मध्ये गुन्ह्याच्या ठिकाणचा डीएनए जुळला तो गुन्ह्याच्या वेळी तुरुंगात असलेल्या माणसाशी. त्याला भावाची मज्जा बसवली होती आणि गुन्हा त्या भावाचा निघाला. प्रत्यारोपण झालेल्या माणसात गालाचा स्वॅबही दगा देतो, कारण लाळेत दात्याच्या पांढऱ्या पेशी उतरतात. तिथे मुळासकट उपटलेले केस आणि नखे घ्यावीत.

तपास अधिकारी आणि सरकारी रुग्णालयांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी शेवटची, अगदी व्यवहाराची गोष्ट. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२ आणि १८४ खाली आरोपी व पीडितेचे डीएनए नमुने घेतले जातात. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर रक्तसंक्रमणाचा रकाना असेल तिथे नुसते 'होय' किंवा 'नाही' लिहून भागत नाही. तारीख आणि वेळ, पिशव्यांची संख्या, संपूर्ण रक्त की पॅक सेल की प्लाझ्मा की प्लेटलेट, गाळलेले की न गाळलेले, नमुना कोणत्या हातातून, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आहे का, एवढे लिहिले तर मुंबईतल्या कलिना, नागपूर किंवा पुण्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेला आलेख वाचणे सोपे जाते आणि साक्षीच्या वेळी अडखळावे लागत नाही.

वार झालेला किंवा अपघातातला रुग्ण दहा-बारा पिशव्या घेऊन दगावला, तर शवविच्छेदनात रक्तासोबत दाढ किंवा मांडीच्या हाडाचा तुकडा आणि खोल स्नायू राखून ठेवावा. आणि ताबडतोब रक्तपेढी गाठावी. क्रॉसमॅचसाठी आलेली रुग्णाची नळी आणि दात्याच्या पिशवीची नमुना-नळी पेढीने रक्त दिल्यानंतर सात दिवस जपायची असते. पहिल्या क्रॉसमॅचची नळी रक्त चढवण्यापूर्वीची, निर्भेळ. आठव्या दिवशी पत्र घेऊन गेलात तर ती टाकून दिलेली असण्याची शक्यता मोठी. पत्रात रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि क्रॉसमॅचची तारीख लिहावी, नळी पंचांसमक्ष सीलबंद करून घ्यावी आणि चार अंशांवर, बर्फाला थेट न टेकवता, प्रयोगशाळेत न्यावी.

आपले,
रक्तसंक्रमण व डीएनए तपासणी क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे